घरात कुणाला अॅलर्जी आहे आणि मांजर आणायचंय? या चुका टाळा

‘कमी केस गळणारी जात आणली की झालं’ ही समजूत सगळ्यात महागात पडते. त्रास केसांचा नसतोच. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. स्फिंक्स या बिनकेसांच्या जातीच्या मांजराच्या अंगावरही हे प्रथिन असतं. शिवाय एकाच जातीच्या दोन मांजरांतसुद्धा त्याचं प्रमाण कमीजास्त असतं. त्यामुळे जात बघू नका, जे मांजर आणणार ते बघा. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते जास्त आढळतं.

दुकानात पाच मिनिटं मांडीवर घेतलं आणि शिंक आली नाही, एवढ्यावर ठरवू नका. त्या मांजराच्या सध्याच्या घरी तीन-चार वेळा जा, दरवेळी दोनेक तास बसा, थोपटा. पण ज्याला दमा आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. त्याआधी स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेला बारीक टोचून कशाची अॅलर्जी आहे ते बघणारी तपासणी, करून घ्या. सेटिरिझिनसारखी अॅलर्जीची गोळी चालू असेल तर टेस्ट खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, म्हणून ती गोळी साधारण आठवडाभर आधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करा. कधीकधी खरं कारण गादीतले धुळीचे किडे किंवा झुरळं निघतात आणि आळ मात्र मांजरावर येतो.

झोपायच्या खोलीचं दार पहिल्या दिवसापासून बंद हवं. महिनाभर उशाशी झोपलेलं मांजर नंतर बाहेर ठेवलं तर ते रात्रभर दार ओरबाडतं. कापसाची गादी उन्हात टाकून हे प्रथिन जात नाही; गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला, चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोरडा झाडू कण उडवतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. पंख्याची पातीही विसरू नका. हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर खोलीच्या मापाचा घ्या, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

मांजराला आंघोळ घातली तर तिचा परिणाम दोन-तीन दिवसच टिकतो. त्यापेक्षा ज्याला अॅलर्जी नाही त्याने ओल्या कापडाने मांजराचं अंग पुसावं आणि लिटरही (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) त्यानेच बदलावं, कारण लिटरच्या धुळीनेही शिंका येतात. फरशीला काळं फिनेल किंवा पाण्यात दुधाळ होणारं जंतुनाशक मात्र वापरू नका. त्यातली फिनॉल नावाची रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात.

मांजराला आठवडाभर दुसरीकडे ठेवून ‘बघू फरक पडतो का’ हेही निरुपयोगी. नीट साफसफाई केली नाही तर घरातलं प्रथिन ओसरायला चार-सहा महिने लागू शकतात. रात्री छातीत घरघर सुरू झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि मांजर आणण्यापूर्वीच, नाही जमलं तर ते कोण सांभाळणार, हे त्या माणसाशी बोलून पक्कं करा. घरात वाढलेलं मांजर सोसायटीच्या आवारात सोडलं तर त्याचे हाल होतात.