मध्ययुगीन इंग्लिश घराणं आणि त्याचा मॅनर: शोध घेताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या जुन्या घराण्याचा माग काढणारे बहुतेक जण आडनाव धरून बसतात, आणि तिथेच फसतात. नॉरफोकमधल्या पॅस्टन घराण्याचंच बघा. पंधराव्या शतकातला त्यांचा भलामोठा पत्रव्यवहार टिकून आहे, तेव्हा यांच्याबाबत तरी घोळ व्हायला नको. तरीही होतो.

जॉन पॅस्टन 1466 मध्ये वारला. त्याच्या थोरल्या मुलाचं नाव जॉन आणि पाठच्याचंही जॉन! दोघे एकाच वेळी हयात. थोरला 1479 मध्ये अविवाहित वारला आणि इस्टेट धाकट्याकडे गेली. नाव दुबार आलंय असं समजून दोघांना एक केलंत, की धाकट्याची बायकोमुलं थोरल्याला चिकटलीच म्हणून समजा. म्हणून प्रत्येक उल्लेखाशेजारी बायको, गाव आणि पदवी लिहून ठेवा. थोरला ‘सर’ होता, हा एक धागासुद्धा पुष्कळ कामी येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र मॅनरबद्दलची. मॅनर म्हणजे गाव नव्हे. तो जमीन, कुळं, देणी आणि न्यायसभा अशा हक्कांचा गठ्ठा. एका गावात तीन मॅनर असू शकतात, एक मॅनर तीन गावांत पसरलेला असू शकतो. शिवाय मुलगा नसेल तर मुलींमध्ये समान वाटणी होत असे आणि हक्क जावयांच्या आडनावाखाली जात. ग्रेशम हे त्याचं नमुनेदार उदाहरण. 1318 मध्ये तिथल्या घराला तटबंदीचा परवाना मिळाला तो सर एडमंड बेकनला. त्याच्या मुलीमार्फत मोलिन्स घराण्याचा संबंध आला. 1466 मध्ये वारलेल्या जॉनचा बाप, न्यायाधीश विल्यम पॅस्टनने 1427 मध्ये मॅनर विकत घेतला, पण 1448 मध्ये लॉर्ड मोलिन्सने तो बळकावला. हा ‘मोलिन्स’ मुळात रॉबर्ट हंगरफर्ड. पदवी आणि दावा दोन्ही बायको एलिनॉरकडून आलेले. नुसतं आडनाव जुळवत गेलात तर हा वाद उलगडणारच नाही. विधवेचाही हिशेब ठेवा: तिचा तहहयात एक तृतीयांश हिस्सा असल्यामुळे वारस ठरल्यावरही मालमत्तेचा काही भाग कित्येक वर्षं दुसऱ्याच घरात दिसतो.

तारखांचा घोटाळा याच प्रकरणात बघायला मिळतो. ऑक्टोबर 1449 मध्ये जॉन पॅस्टनने (दोन्ही जॉनच्या बापाने) ग्रेशमचा ताबा परत घेतला आणि पुढच्या 28 जानेवारीला मोलिन्सच्या माणसांनी त्याची बायको मार्गारेट हिला तिथून हुसकावलं. तेव्हा नवं वर्ष 25 मार्चला सुरू होत असल्याने जुन्या मोजणीत ती जानेवारीही 1449 चीच! कोरा आकडा उचललात तर हल्ला आधी आणि ताबा नंतर, असं उलटं चित्र तयार होतं. सरकारी कागदांत राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं: सहाव्या हेन्रीचं 28 वं वर्ष 1 सप्टेंबर 1449 पासून. दोन्ही घटना त्याच वर्षातल्या, एवढं कळलं की क्रम लागतो.

कागद वाचताना दोन सोंगं ओळखा. ‘फाइन’ नावाच्या दस्तात वादी-प्रतिवादी भांडताना दिसतात, पण बहुतेक वेळा ते भांडण नसून ठरवून केलेलं हस्तांतर असतं. आणि एखाद्या दस्तात आठ-दहा अनोळखी नावांवर मॅनर चढलेला दिसला तर तो विकला गेला असं लगेच म्हणू नका. ते विश्वस्त असू शकतात. जमीनदाराच्या मृत्यूनंतर वारस ठरवायला राजाचे अधिकारी चौकशी करत, त्या कागदात वारसाचं वय ‘21 आणि अधिक’ असेल तर तो सज्ञान होता, एवढंच घ्या. त्यावरून जन्मसाल काढणारे खूप भेटतात.

राहिली वंशावळ. 1466 मध्ये चौथ्या एडवर्डने पॅस्टन हे जुनं कुलीन घराणं असल्याचा निर्वाळा दिला. त्यांच्या शत्रूचं टिपण मात्र म्हणतं की न्यायाधीश विल्यमचा बाप क्लेमेंट साधा शेतकरी आणि आई दास कुळातली. एक कागद मेहेरबानीतून आलेला, दुसरा वैरातून. मला टिपण जास्त खरं वाटतं, पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणू नका. दोन्ही कागद बाजूला ठेवा आणि क्लेमेंटची जमीन कुणाच्या मॅनरमध्ये होती, ते आधी बघा.