जुन्या ऑटोमॅटिक फोर-बाय-फोरचे गिअर नीट पडत नाहीत? आधी तेल बघा

यवतेश्वरचा घाट चढताना गिअर उशिरा पडतो, झटका बसतो? गिअरबॉक्स उघडायला देण्याआधी एवढं करा.

१. 15-20 मिनिटं चालवून गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच ट्रान्समिशनची (गिअरबॉक्सची) डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघतात. मॅन्युअल वाचून घ्या.

२. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास, म्हणजे आतल्या क्लच प्लेटा झिजल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून. मग गाडी चालवूच नका, टो करून न्या.

३. तेल चांगलं असेल तर थ्रॉटलकडून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडून) गिअरबॉक्सला जाणारी केबल तपासा. जुन्या गाड्यांत खरी गोम बऱ्याचदा इथेच असते. ढिली असली की गिअर लवकर पडतात, जास्त ताणली की उशिरा.

पातळी कमी असेल तर मॅन्युअलमधलंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला, तेही थोडं थोडं. जास्त झालं तर फेस येतो.