प्रयोगशाळेतला ऑक्टोपस: आधी पाणी, मग प्राणी

अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मी कॅलिफोर्नियाचे दोन ठिपक्यांचे ऑक्टोपस सांभाळते. ऑक्टोपसांमध्ये ज्याचा जनुकसंच सर्वांत आधी, 2015 साली, प्रसिद्ध झाला, ती हीच जात. या कामाला नव्याने लागणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी लिहितेय.

प्राणी मागवण्याआधी दोनेक महिने टाकी रिकामीच चालवा. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला तेवढा वेळ लागतोच, त्यात घाई नको. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर, पीएच 8.0 ते 8.3, खारेपणा हजारी 33 ते 35, तापमान 18 ते 22 अंश. रोज सकाळी वहीत आकडे लिहायचे, मगच बाकीची कामं. आणि तांबं! ऑक्टोपसच्या निळ्या रक्तात तांबं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं मात्र त्याच्यासाठी विष. पितळी तोटी, तांब्याचा पाइप, माशांना देतात ती तांबंयुक्त औषधं, यातलं काहीही टाकीच्या वाटेला जाता कामा नये.

झाकणावर वजन ठेवून भागत नाही, कड्या लावा. त्याच्या अंगात चोचीएवढाच टणक भाग, त्यामुळे चोच जाईल तिथून अख्खा प्राणी जातो. वायर आणि नळ्यांची भोकं जाळीने बुजवा, पंपाच्या तोंडावर स्पंज बसवा, नाहीतर हाताचं टोक आत ओढलं जातं. एका टाकीत एकच ऑक्टोपस. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खाऊ शकतो. लपायला मातीची कुंडी किंवा प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा द्या. बिळाविना तो सतत भेदरलेला राहतो.

खाणं देताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. चिमट्याने जिवंत खेकडा पाण्यात सोडते आणि मागे सरून उभी राहते. भूक असेल तर डोकं वर येतं, कातडी गडद होते, डोळ्यांखालचे निळी कडी असलेले ठिपके ठळक दिसतात. मग झेप, आणि हातांमधला पडदा छत्रीसारखा खेकड्यावर पसरतो. हे सगळं किती चपळाईने झालं, त्यावरून मला तब्येत कळते. खेकडा समोर फिरतोय आणि हा बिळातून पाहत बसलाय, तर मी आधी पाणी तपासते. खेकड्यांबरोबर कोळंबी आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्याही चालतात. उरलेली कवचं त्याच दिवशी काढा, तिथूनच अमोनिया वाढतो.

अधूनमधून खेकडा झाकणाच्या बरणीत घालून द्या. नुसतं आयतं खाऊन बसणं या प्राण्याला मानवत नाही. घाबरून शाई सोडलीच तर ताबडतोब पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा कार्बन, म्हणजे पाणी गाळणारा कोळसा, घाला. शाई कल्ल्यांवर बसते. हाताळायचं असेल तर हात ओले आणि साबण-क्रीमचा अंशही नसलेले हवेत. चिकटलेले चूषक, म्हणजे त्याच्या हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्या, ओढून काढू नका, थांबा, तो स्वतः सोडतो. शस्त्रक्रियेआधी भूल द्यायचीच, बहुतेक ठिकाणी मॅग्नेशियम क्लोराइड किंवा इथेनॉल वापरतात. युरोपीय संघाच्या 2010 सालच्या प्रयोगप्राण्यांविषयीच्या निर्देशात या जिवांना संरक्षण मिळालं, ते फार योग्य झालं.

याचं आयुष्य साधारण दीड वर्षाचं. मादी अंडी घालते, त्यांच्यावर पाणी फुंकत बसते आणि खाणं सोडते. हा आजार नव्हे; तिला जबरदस्तीने भरवू नका, उजेड कमी करा, टाकीपाशी वर्दळ ठेवू नका. पुढे जखमा भरेनाशा झाल्या, ती स्वतःचेच हात कुरतडू लागली, तर पशुवैद्यांना बोलवा आणि शांतपणे मरण द्यायचं का, हे वेळेत ठरवा. तोवर पिल्लांची तयारी करून ठेवा. या जातीची पिल्लं अंड्यातून निघताच तळाशी राहतात, तरंगत नाहीत, म्हणून ती वाढवता येतात. पण त्यांना पहिल्या दिवसांपासून बारीक जिवंत खाद्य लागतं आणि थोडी मोठी झाली की वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावं लागतं.