चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला: न्यू जर्सीत पिऊन गाडी चालवली तर काय होतं

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात नवीन मंडळी येतात, कुणी एमएस करायला, कुणी एचवनवर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि भाडं किती, क्रेडिट कार्ड कुठलं, डाळ कुठे स्वस्त, सगळं विचारून झालं की एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. तो मीच सांगतो न विचारता. एडिसनला मला १९ वर्षं झाली आणि या एका गोष्टीपायी चांगल्या चांगल्या पोरांची वाट लागलेली बघितलीय, म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

मी स्वतः पितो, त्यामुळे हे दारूबंदीचं भाषण नाही. फक्त गाडीचं बोलतोय.

आपल्याकडे भारतात लिमिट खरं तर इथल्यापेक्षा कडक आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३ टक्के. न्यू जर्सीत ०.०८. हे ऐकलं की नवीन माणूस खूश होतो, अरे वा इथे तर मोकळीक आहे. मोकळीक वगैरे काही नाहीये. एकतर पोलिसाला तुमच्या चालवण्यावरून, बोलण्यावरून, चालण्यावरून वाटलं की तुम्ही शुद्धीत नाही तर ०.०८ च्या खाली असलात तरी केस होऊ शकते. वय २१ च्या आत असेल तर ०.०१ पासूनच लागू. आणि नदी ओलांडून न्यूयॉर्कात गेलात की ०.०५ च्या पुढेच तिथलं वेगळं कलम लागतं, म्हणजे मॅनहॅटनमध्ये पिऊन जर्सी सिटीला परत येताना तुम्ही दोन कायद्यांतून गाडी चालवताय. युटामध्ये तर २०१८ च्या शेवटापासून लिमिटच ०.०५ आहे. स्टेट बदललं की नियम बदलला, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता आपला खरा घोळ मापात होतो. इथे एक ड्रिंक म्हणजे १२ औंस साधी बिअर, किंवा ५ औंस वाइन, किंवा दीड औंस व्हिस्की, म्हणजे साधारण ४४ मिली. आपला लार्ज म्हणजे ६०. तीन लार्ज झाले की इथल्या हिशेबाने चार ड्रिंक झाले, आणि ते पण मापाने ओतले तर, घरच्या पार्टीत मापाने कोण ओततंय, ग्लास धरायचा आणि 'बस बस' म्हणेपर्यंत ओतायचं. हॅपी अवरला मिळणारी ती कडू आयपीए बिअर साडेसात टक्क्यांची आणि ग्लास १६ औंसचा असेल तर एकच ग्लास म्हणजे दोन ड्रिंक, आणि लोक पोलिसाला सांगतात 'फक्त दोनच बिअर घेतल्या'. उतरायचा वेग साधारण तासाला ०.०१५, त्यात ताक, लिंबू, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यातलं काहीही काम करत नाही. मध्यरात्री ०.१६ ला असाल तर पहाटे पाचला पण ०.०८ च्या वरच असता. झोप झालीय, दात घासलेत, सासू-सासऱ्यांना न्यूअर्क एअरपोर्टवर घ्यायला निघालात, आणि कायद्याने अजून प्यायलेलेच आहात.

गाडी अडवली तर काय करायचं हे आधी. मागे लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर देऊन उजवीकडे थांबायचं, काच खाली, रात्र असेल तर आतला लाइट लावायचा, दोन्ही हात स्टीअरिंगवर. आणि खाली उतरायचं नाही. आपली सवय काय असते, उतरायचं, साहेबांजवळ जायचं, 'साहेब जाऊ द्या ना' करायचं. इथे उतरून त्याच्याकडे चालत गेलात तर तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असतं. पैशाचा तर उल्लेखही नको, चेष्टेतसुद्धा नको, तो सरळ वेगळा गुन्हा होतो. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड मागेल ते द्यायचं. 'किती घेतलीय' विचारलं तर खोटं बोलू नका, पण उत्तर द्यायलाच पाहिजे असंही नाहीये, नम्रपणे सांगता येतं की मला यावर बोलायचं नाही.

मग रेषेवर नऊ पावलं चालायला लावतात, एका पायावर उभं करतात, डोळ्यांसमोर पेन फिरवतात. संशय पक्का झाला की हात मागे, बेड्या, आणि स्टेशनात. तिथे मशीनवर फुंकायला लावायच्या आधी २० मिनिटं तुमच्याकडे बघत बसतात, ढेकर आली, तोंडात काही घातलं, तर पुन्हा पहिल्यापासून. मग दोनदा फुंकायचं. इथे एक मोठी गफलत सांगतो कारण प्रत्येक पार्टीत एक तरी काका असतात जे छातीठोकपणे सांगतात, 'फुंकायचंच नाही, पुरावाच राहत नाही.' न्यू जर्सीत रस्त्यावर गाडी घातली म्हणजे श्वासाच्या टेस्टला तुमची आधीच संमती आहे असं कायदा धरून चालतो, आणि नकार हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याची शिक्षा जवळपास तितकीच, आणि नकार देऊनही पिऊन चालवल्याची केस पोलिसाच्या साक्षीवर चालतेच. म्हणजे एकाच्या दोन. वकिलाला फोन करून मग ठरवतो म्हणालात तर तेही चालत नाही. गाडी ओढून नेतात आणि १२ तास देत नाहीत.

शिक्षा कागदावर वाचली तर फार वाटत नाही, तिथेच माणूस फसतो. पहिल्यांदा सापडलात आणि ०.०८ ते ०.१० च्या आत असाल तर दंड २५० ते ४०० डॉलर, ०.१० च्या पुढे ३०० ते ५००. जेल ३० दिवसांपर्यंत देता येते पण पहिल्या वेळेला, अपघात वगैरे नसेल तर, सहसा देत नाहीत. एवढंच ना, असं वाटतं. थांबा. त्यावर मोटार व्हेइकल कमिशनचा सरचार्ज, वर्षाला १००० असे तीन वर्षं. मद्यपी चालकांसाठीचा एक सक्तीचा क्लास, १२ ते ४८ तास, त्याची फी वेगळी. कोर्टाच्या बारीकसारीक फिया. वकील काही हजार. इन्शुरन्स किती चढतो ते विचारू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आणि मग ते मशीन. २०१९ च्या डिसेंबरपासून पहिल्या गुन्ह्याला बहुतेकांना लायसन्स काही महिने बंद करून घरी बसवण्याऐवजी गाडीत इंटरलॉक बसवायला लावतात, ते बसवेपर्यंत गाडी चालवता येत नाही. ०.१० च्या आत असाल तर तीन महिने, ०.१० ते ०.१५ ला सात महिने ते एक वर्ष, त्याच्या वर गेलात की अजून कडक. बसवायचा आणि महिन्याच्या भाड्याचा खर्च तुमचाच. नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि चालवताना मध्येच टुंग वाजून परत फुंकायला सांगतं. तुमची बायको आयुष्यात थेंबाला शिवली नसली तरी ती गाडी चालवायची तर तिलाही फुंकायला लागतं. आमच्या ओळखीच्या एका वहिनी मुलीला मराठी शाळेत सोडायला यायच्या, पार्किंगमधून निघताना आधी इकडे तिकडे बघायच्या, कोणी नाही असं बघून मान खाली घालून फुंकायच्या. मागच्या सीटवरून पोरगी मोठ्याने विचारायची, 'आई, गाडीला ताप आलाय का?'

दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स एक ते दोन वर्षं, किमान दोन दिवस जेल आणि ३० दिवस समाजसेवा, तिसऱ्यांदा आठ वर्षं लायसन्स बंद आणि सहा महिने आत. 'फक्त ऑफिसला जाण्यापुरतं लायसन्स' असा प्रकार काही स्टेट्समध्ये असतो, इथे नाही.

गंमत म्हणजे न्यू जर्सीत हे क्रिमिनल मानत नाहीत, ट्रॅफिकचा गुन्हा आहे, गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो, ज्युरी पण नाही. हे ऐकून लोकांना हायसं वाटतं. पण क्रिमिनल नाही म्हणून क्रिमिनल रेकॉर्ड पुसायची जी सोय असते ती याला लागू होत नाही, रेकॉर्डवर राहतं ते राहतंच. आणि इमिग्रेशनवाल्यांना न्यू जर्सी त्याला काय म्हणते याच्याशी काही देणंघेणं नाही.

इथे जरा नीट वाचा, कारण बाकी सगळं सिटिझन लोकांनाही आहे, हे फक्त आपल्याला आहे. स्टेट डिपार्टमेंटचं धोरण २०१५ पासून असं आहे की गेल्या पाच वर्षांत पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असेल तरी व्हिसा रद्द करता येतो. अटक म्हणतोय मी, शिक्षा नाही. केस उभीच राहिली नाही, सुटलात, तरी. बोटांचे ठसे घेतले की ते सिस्टिममध्ये जातात आणि कधीतरी कॉन्सुलेटचा ईमेल येतो.

आमच्या एका मित्राचं सांगतो, त्याला बंड्या म्हणू. एचवनवर, हुशार पोरगा, ऑफिसच्या हॅपी अवरवरून रूट २७ ने घरी येत होता, मागचा एक दिवा गेलेला म्हणून थांबवलं, मशीनवर ०.११. दंड भरला, क्लास केला, मशीन बसवलं, म्हणाला संपलं. बहिणीचं लग्न सांगलीला, तिकीट काढलेलं, बॅगा अर्ध्या भरलेल्या, आणि व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आला. आता हे समजून घ्या, पासपोर्टमधला शिक्का रद्द झाला म्हणजे लगेच देश सोडायला लागतो असं नाही, आत असेपर्यंत आय-९४ वरचं, म्हणजे देशात शिरतानाच्या नोंदीवरचं, स्टेटस सहसा चालू राहतं, नोकरी चालू राहते. पण बाहेर पडलात की परत यायला नवा शिक्का, नवा इंटरव्ह्यू, फॉर्मवर अटकेची नोंद, आणि त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे दारूचं व्यसन आहे का याची तपासणी. त्याला किती दिवस लागतील कोणी सांगत नाही, तोवर इथली नोकरी कोण धरून ठेवणार. बंड्या गेला नाही. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा, म्हणजे इथे रात्रीचे दोन वाजून सात मिनिटं. आम्ही तिघं त्याच्या किचनमध्ये लॅपटॉपसमोर उभे, तिकडे मंगलाष्टकं, आणि हा बासमतीच्या अक्षता स्क्रीनवर टाकतोय. कीबोर्डमध्ये गेलेले तांदूळ नंतर आठवडाभर निघत होते.

ग्रीन कार्डच्या फॉर्मवर अटकेचा प्रश्न असतोच, आणि तिथे 'ट्रॅफिकची होती म्हणून लिहिली नाही' हे कारण चालत नाही, लपवलं तर ते मूळ गुन्ह्याहून वाईट. सिटिझनशिपच्या वेळेला अर्जाआधीच्या ज्या वर्षांचं वर्तन तपासतात त्या काळात दोनदा शिक्षा झाली असेल तर २०१९ च्या ॲटर्नी जनरलच्या निर्णयानुसार तुमचं वर्तन चांगलं नाही असंच गृहीत धरून सुरुवात होते. स्टुडंट मंडळींनी तर जास्तच जपा, २०२५ च्या वसंतात पोलिस रेकॉर्डवर नुसतं नाव आहे म्हणून कितीतरी मुलांचे सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, बंद केले होते, कोर्टकज्जे झाल्यावर पूर्ववत झाले, पण तोवर पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नायगारा कॅनडाच्या बाजूने बघायचाय ना? कॅनडात २०१८ च्या डिसेंबरपासून हा गंभीर गुन्हा धरतात, पुलावरूनच परत पाठवू शकतात. आईबाबांना घेऊन जाल आणि तिथे सगळं कळेल त्यांना.

तर सापडलातच तर पहिल्या तारखेला जाऊन 'गिल्टी' म्हणून मोकळं होऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत इथे या केसमध्ये सरकारी वकिलाशी तडजोडच करता येत नव्हती, आता येते, त्यामुळे वकिलाला आधीपेक्षा जास्त वाव आहे. आणि दोन वकिलांशी बोला, एक ट्रॅफिकचा आणि एक इमिग्रेशनचा, एकाला दुसऱ्याचं काहीही कळत नसतं.

'गाडीतच झोपतो थोडा वेळ' हाही उपाय नाही. जानेवारीत झोपायचं तर हीटर लागणार, हीटरला इंजिन चालू लागणार, आणि इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर सीटवर झोपलेल्या माणसालाही इथे गाडी चालवणाराच धरलेलं आहे. बंद न केलेली बाटली गाडीत आत ठेवणं हाही वेगळा दंड, उरलेली ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत ठेवा. मुलं गाडीत असतील तर वेगळं कलम वाढतं, न्यूयॉर्कात तर १६ च्या आतलं मूल गाडीत असेल तर पहिलाच गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा होतो. गांजाच्या गोळ्या दुकानात मिळतात म्हणून त्या खाऊन चालवणं पण याच कलमात येतं, आणि फेडरल कायद्याला गांजा अजून मान्य नाही, त्यामुळे व्हिसावाल्यांनी त्या वाटेलाच जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

मग करायचं काय, तर घरी कसं जायचं हे पहिला ग्लास भरायच्या आधी ठरवायचं, नंतर ठरवणारा माणूस तुम्ही नसता. पार्टीला उबरने जा, फक्त येताना उबर करू म्हणालात तर गाडी खाली उभी दिसते आणि बुद्धी फिरते. नवरा-बायकोत पाळी लावा, पण दर वेळेला बायकोचीच पाळी येते असं बघितलंय, ते बरं दिसत नाही.

आणि गाडी सोडून जाणार असाल तर यजमानाला ड्राइव्हवेत लावू का विचारा. जर्सीतल्या बऱ्याच गावांत रात्री दोन-अडीचनंतर रस्त्यावर गाडी ठेवू देत नाहीत, सकाळी तिकीट लागलेलं दिसतं. लागलं तर हसत भरा ते. आमच्या ड्राइव्हवेत चार गाड्या मावतात, मागची काढायला लागली तर चावी फ्रिजवरच्या वाटीत टाकून जायचं. सकाळी उपमा असतो, पोहे हवे असतील तर आदल्या रात्री सांगा.