स्वमग्न मुलासोबत असिस्टन्स डॉग: पट्टा कोणी धरायचा, कधी सोडायचा

असिस्टन्स डॉग, म्हणजे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा, मुलासाठी असला तरी हुकूम पाळतो तो आई-बाबांचा. हे आधी पक्कं केलं नाही तर पुढचं सगळं बिनसतं. लीश, म्हणजे कुत्र्याला धरून चालवायचा पट्टा, नेहमी मोठ्या माणसाच्या हातात असते. मुलाच्या कमरेला एक रुंद पट्टा असतो आणि तो छोट्या दोरीने कुत्र्याच्या जॅकेटला जोडलेला असतो. ही दोरी गळपट्ट्याला कधीच अडकवायची नाही, कारण हिसका बसला की सगळा ताण कुत्र्याच्या मानेवर येतो. मूल अचानक रस्त्याकडे धावलं की लॅब्रडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जागीच ठाण मांडतो आणि तेवढ्या क्षणात पालक मुलाला धरतात. कॅनडातली 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था अशी कुत्री देणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी एक.

घरी आल्यावर लगेच तिघांनी बाहेर पडू नये. आधी फक्त पालक आणि कुत्रा फिरतात. मग मूल जॅकेटची मूठ धरून चालतं. ते जमलं की शांत, मोकळ्या जागी कमरेचा पट्टा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे.

मुलाला कुत्र्याशी जोडणारं बकल एका हाताने, न बघता सुटलं पाहिजे. याचा सराव घरातच करा, कारण समोरून दुसरा कुत्रा अंगावर आला तर आधी मुलाला सोडवायचं असतं. सरकत्या जिन्यावर कुत्र्याची बोटं अडकतात, म्हणून तिथे लिफ्टच. खेळाच्या मैदानात, घरात किंवा रात्री झोपताना दोरी नको. मूल कुत्र्याला ओढून नेण्याइतकं जड झालं की दोरी कायमची बंद. आणि मूल वाटभर ओढतच राहिलं तर कुत्रा थकतो, त्या ओढीची त्याला सवय होते आणि खरा हिसका आला तरी तो बसत नाही. म्हणून ओढ लागली की थांबायचं, दोरी सैल झाली की पुन्हा निघायचं.

महाराष्ट्रात भर रस्त्यावर हा प्रकार करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भटकी कुत्री आणि फुटपाथ नसलेले रस्ते एकत्र आले की बांधलेल्या मुलाला धोकाच जास्त. उन्हाळ्यात तर डांबरावर तळहात सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नये. इथे घरातलं काम जास्त उपयोगी.

घरातलं मुख्य काम म्हणजे दाब. मूल जमिनीवर किंवा सोफ्यावर बसलेलं असताना हुकूम दिला की कुत्रा डोकं, आणि मुलाला आवडत असेल तर पुढचे पायही, मांडीवर ठेवतो. एक-दोन मिनिटांनी 'उतर'. छाती-पोटावर वजन नको. काही मुलांना हा दाब शांत करतो, काहींना साधा स्पर्शही नकोसा वाटतो. मूल हात झटकत असेल तर जबरदस्ती करू नका. मूल लाथा मारत असेल, वस्तू फेकत असेल, तर कुत्र्याला आधी दुसऱ्या खोलीत न्या. अशा वेळी कुत्र्याकडून मदत घेण्याच्या नादात चावा बसू शकतो.

कुत्र्याचा त्रास मुलाला सहसा ओळखता येत नाही, तो पालकांनीच ओळखायचा: तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. यातलं काहीही दिसलं की मुलाला बाजूला घ्या. कुत्र्याची एक जागा अशी हवी जिथे मूल कधीच जात नाही. हा नियम भाषेने कळत नसेल तर दारावर चित्र लावा किंवा जाळीचं फाटक बसवा. जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हेही त्याच चित्रांत.

मुलाच्या हातातला खाऊ कुत्र्याच्या तोंडात जातोच. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही त्याला विषारी आहे, तेव्हा हे डबे वरच्या फळीवर. रेबीजची लस दर वर्षी, जंताचं औषध पशुवैद्य सांगतील तसं. आणि दिवसातून एकदा जॅकेट काढून, मुलाशिवाय, नुसतं हुंदडायला न्या.