नेत्रतंत्रज्ञाचं काम: आधी क्रम शिका, मग यंत्रं

डोळ्यांच्या दवाखान्यात नवीन रुजू झालेल्याची नजर आधी यंत्रांवर जाते. ऑटोरिफ (चष्म्याचा नंबर काढणारं यंत्र) दोन दिवसांत हाताशी येतं. वेळ लागतो तो क्रम अंगवळणी पडायला: दृष्टी, बाहुलीची उजेडाला प्रतिक्रिया, चष्म्याचा नंबर, केरॅटोमेट्री (बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा बाक मोजणं), डोळ्याचा दाब, ए-स्कॅन (डोळ्याची लांबी मोजणं) आणि सगळ्यात शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब. हा क्रम उलटला तर पुन्हा मागे जाता येत नाही. बधिर करणारा थेंब पडून प्रोब (यंत्राचं मोजणारं टोक) टेकला की बुबुळाचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि केरॅटोमीटरचे आकडे दर वेळी वेगळे येतात. बाहुली एकदा मोठी झाली की तिची प्रतिक्रिया आणि जवळचं वाचन दोन्ही त्या दिवसापुरतं गेलं.

दृष्टी तपासणं सोपं वाटतं, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. तक्ता ६ मीटरवर, डोळ्यांच्या उंचीला, उजेड पूर्ण. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावा आणि उलट छापलेला तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे टांगा. अंतर पावलांनी मोजू नका, टेप लावा. शिबिरात शाळेच्या व्हरांड्यात ‘अंदाजे ६ मीटर’ बऱ्याचदा साडेचारच भरतं. आधी उजवा डोळा, मग डावा, कागदावरही त्याच क्रमाने. दुसरा डोळा झाकायला पॅडल द्या. तळहाताने झाकायला सांगितलं तर लहान मुलं बोटांच्या फटीतून बघतात आणि म्हातारी माणसं डोळा इतका दाबतात, की त्या डोळ्याची पाळी आली की त्यातून धूसर दिसतं. तक्त्यासमोरच्या बाकावर रांग बसवली तर तिसऱ्या माणसापर्यंत शेवटची ओळ पाठ झालेली असते.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एकाच ओपीडीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे येतात, आणि ‘दिसत नाही’ व ‘वाचता येत नाही’ या दोन तक्रारी एकमेकींत मिसळतात. जराही शंका आली तर ई-तक्ता घ्या आणि ई-चं तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायला सांगा. तेलुगूत ‘एटु वैपु?’, कन्नडमध्ये ‘याव कडे?’ एवढं आलं तरी निम्मं काम होतं. ‘वर बघा’साठी ‘पैकि चूडंडि’ आणि ‘मेले नोडि’ पाठ करा. दाब मोजताना, थेंब टाकताना तेच लागतं.

वरचं मोठं अक्षर म्हणजे ६/६०: निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं, ते रुग्णाला ६ मीटरवरून दिसतं. तेही दिसत नसेल तर रुग्णाला एकेक मीटर पुढे आणा: ५/६०, ४/६०, ३/६०. त्यापुढे बोटं मोजणं, हाताची हालचाल, आणि शेवटी फक्त उजेडाची जाणीव. ‘दिसत नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. २०१७ पासून अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंधत्वाची व्याख्या चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी अशी आहे, आधी ती ६/६० होती. म्हणजे तुमचं एक मीटर कुणाची नोंद बदलू शकतं. पिकलेल्या मोतीबिंदूत दुसरा डोळा पक्का झाकून चारही दिशांनी टॉर्च दाखवा आणि उजेड कुठून येतो ते विचारा. डोळ्याच्या आतल्या पडद्याबद्दल शस्त्रक्रियेआधी मिळणारी ही महत्त्वाची खूण आहे.

६/९ पेक्षा कमी दिसत असेल तर पिनहोल (बारीक छिद्राची झाकणी) लावाच. त्यातून सुधारलं तर बहुधा नंबर आहे. नाही सुधारलं तर कारण मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांत शोधावं लागतं, आणि ते डॉक्टरांचं काम.

जवळचा नंबर वयाच्या तक्त्यावरून देऊ नका, कामाचं अंतर विचारा. मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी बाई आणि मागावर तुटलेला धागा जोडणारा कामगार, दोघंही ४५ वर्षांचे असले तरी त्यांचं अंतर एक नसतं. ४० सेंटिमीटरला डोळ्याला २.५० डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) लागतात, ५० ला २.००, त्यातले काही डोळा स्वतः भागवतो, उरलेले चष्मा देतो. कामाची वस्तू हातात द्या, टेप लावा, मग भिंग ठरवा.

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. आकडा जास्त आला की आधी स्वतःचं बोट बघा: पापणी उघडताना ते डोळ्यावर दाबलं जातं. शर्टाची घट्ट कॉलर आणि रोखलेला श्वासही आकडा वाढवतात. हवेच्या फुंकरीच्या यंत्रावर तीन वेळा मोजून सरासरी घ्या. पहिल्या फुंकरीला रुग्ण दचकतोच. बुबुळ पातळ असेल तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदूच्या रुग्णात जाडीही लिहा. अप्लनेशनचं (बुबुळाला टेकवून दाब मोजण्याच्या यंत्राचं) प्रिझम स्पिरिटने पुसलं तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुबुळ भाजतं.

आता ए-स्कॅन. इथली चूक तुमच्या टेबलावर दिसत नाही, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली की दिसते. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढणारं जुनं एसआरके सूत्र आता प्रत्यक्षात फारसं वापरत नाहीत, पण गणित समजायला उत्तम: ए स्थिरांकातून (त्या भिंगासाठी ठरलेल्या आकड्यातून) डोळ्याच्या लांबीची २.५ पट आणि केरॅटोमेट्रीची ०.९ पट वजा करा. स्थिरांक ११८, लांबी २३.५ मिलिमीटर, के (केरॅटोमेट्री) ४४ असेल तर भिंग येतं १९.६५. प्रोबने बुबुळ दाबलं गेलं आणि लांबी २३.१ आली, की तेच २०.६५. एक डायॉप्टर जास्तीचं भिंग बसलं, आणि ‘आता चष्मा लागणार नाही’ या आशेने आलेल्या माणसाला लांबचं धूसर. म्हणून प्रोब फक्त टेकवा. पुढच्या कप्प्याची (बुबुळ आणि डोळ्याचं भिंग यांमधल्या जागेची) खोली बघा. एखाद्या मोजणीत ती इतरांपेक्षा कमी असेल तर तुम्ही दाबलंय, ती मोजणी काढून टाका. दोन्ही डोळे नेहमी मोजा. फरक ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर पुन्हा मोजा. खरा फरक असूही शकतो, पण तो दोनदा सिद्ध झाला पाहिजे.

थेंबांचं थोडक्यात. बाहुली मोठी करण्याआधी काचबिंदू, रक्तदाब आणि हृदयविकार विचारा, आणि बाजूने टॉर्च टाकून पुढचा कप्पा उथळ नाही ना ते बघा. खालची पापणी ओढून एकच थेंब. दुसरा थेंब गालावरच जातो. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागू देऊ नका. दहा मिनिटांनी पुन्हा. मधुमेहींची बाहुली हळू उघडते, रागावू नका. स्कूटरवर एकट्या आलेल्याला थेंब टाकण्याआधीच सांगा, की नंतर धूसर दिसेल. बधिर करणारी बाटली कुणी कितीही विनवलं तरी घरी देऊ नका: दुखणं थांबतं, पण बुबुळ झडत जातं. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा, महिन्याने फेका. डोळे आलेल्या रुग्णाला वेगळ्या खुर्चीवर बसवा. त्याने हनुवटी टेकवलेल्या यंत्रावर पुढचा माणूस पुसल्याशिवाय नको.

डोळ्याला उसाचं पान किंवा ज्वारीचं ताट लागलं असं रुग्णाने सांगितलं, तर ते केसपेपरवर ठळक लिहा. पाल्याच्या जखमेत बुरशी वाढते आणि तिथे स्टिरॉइडचा थेंब पडला तर डोळा जाऊ शकतो. मेडिकलमधून आधी कोणता थेंब आणून टाकला, तेही विचारा. बाटली सोबत असेल तर नाव उतरवून घ्या.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हातात फुटते, चुना थेट डोळ्यात. इथे वरचा सगळा क्रम मोडायचा. नाव, केसपेपर, दृष्टी, काहीच आधी नाही. बधिर करणारा थेंब टाका, सलाइन लावा आणि किमान ३० मिनिटं धुवा. सलाइन नसेल तर नळाचं स्वच्छ पाणी. वरची पापणी उलटून तिच्याखाली अडकलेले कण ओल्या कापसाच्या काडीने काढा, नाहीतर ते आतून भाजत राहतात. धुणं थांबवून पाच मिनिटांनी पापणीच्या आत पीएच कागद (आम्ल-अल्कली मोजणारा) लावा. तो ७ ते ७.५ दाखवेपर्यंत धुणं चालू. दृष्टी त्यानंतर.