चिनी भावकोश बांधताय? आधी ‘बु’ कुठे बसलाय ते बघा

चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून आधी ‘जिएबा’ या संगणक-साधनाने शब्द तोडायचे आणि मग भावकोश, म्हणजे कोणता शब्द कोणती भावना दाखवतो याची यादी, लावायचा, हे तुम्हाला माहीत असेलच. तयार कोशही आहेत. दालियान तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या कोशात २७,४६६ शब्द आहेत, ७ मुख्य भावना आणि २१ उपप्रकारांत लावलेले. तिथून सुरुवात करा, शून्यातून नको.

माझं अख्खं सत्र गेलं ते ‘बु’पायी. ‘हन बु हाओ’ म्हणजे फारच वाईट. ‘बु हन हाओ’ म्हणजे फारसं चांगलं नाही. शब्द तेच तीन: हन म्हणजे खूप, बु म्हणजे नाही, हाओ म्हणजे चांगलं. माझं सूत्र गुणाकाराचं: हाओ १, हन २, बु उणे १. गुणाकाराला क्रम कळत नाही, दोन्हीकडे उत्तर उणे २. हॉटेलांच्या अभिप्रायांत लोक नाश्त्याबद्दल ‘बु श्र हन हाओ’ (श्र म्हणजे आहे) असं सौम्यपणे लिहून चार तारे देतात, आणि माझ्या तक्त्यात तीच माणसं संतापलेली दिसायची. मी कोशातले आकडे बदलत बसले. चूक कोशात नव्हतीच.

‘बु’ जर ‘हन’च्या आधी आला, तर आणखी ०.५ने गुणा, उत्तर उणे १ येतं. ‘बु’ थेट ‘हाओ’ला लागून असेल, तर उणे २च राहू द्या. हा अर्धा काही दगडावरची रेघ नाही, तुमच्या वाक्यांवर तपासून घ्या.

वगळशब्दांची, म्हणजे मोजणीआधी गाळून टाकायच्या किरकोळ शब्दांची, तयार यादी तर डोळे मिटून लावूच नका. अनेक याद्यांत खुद्द ‘बु’ असतो. ‘बु हाओछ्र’मधला तो गळला, की बेचव जेवण चविष्ट ठरतं. उलट ‘बुत्स्वो’ तोडू नका: त्स्वो म्हणजे चूक, पण अख्खा शब्द चक्क शाबासकीचा.

घाबरू नका, हे सगळं आठवडाभरात दुरुस्त होतं. मात्र मार्गदर्शक नुसते संख्याशास्त्राचे असतील, तर रोज चिनी वाचणारं कुणीतरी शेजारी हवंच. ‘श्याओ’ म्हणजे लहान, कमी. खोली श्याओ ही तक्रार, आवाज श्याओ ही स्तुती. हे मला एका चिनी वर्गमैत्रिणीने दाखवलं, शंभर वाक्यं माझ्यासोबत हाताने तपासताना. तेव्हापासून असे शब्द मी एकटे नाही, नामासकट जोडीनेच कोशात घालते.